पहिल्या नंबरचं चित्र

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मला आठवावं लागत नाही. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचे. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन वाढवलं ते वेगळं. त्याला उपकार म्हणत नाहीत. सरांचं आणि माझं काहीच नातं नव्हतं. पातूरजवळच्या आमच्या शाळेत त्यांची नोकरी होती आणि घर अमरावतीला. शनिवारी दुपारच्या गाडीने ते घरी जायचे आणि सोमवारी येताना माझ्यासाठी कार्डशीटचे उरलेसुरले तुकडे आणायचे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांचे माझे फॉर्म त्यांनीच भरले. बारावीनंतर मी कामाला लागायचं असं घरात ठरलं होतं. तेव्हा ते आमच्या दारात येऊन बसले, आईच्या हातचा कोरा चहा प्याले आणि वडिलांना म्हणाले, "याले माह्याकडं पाठवा. राहाचं-जेवाचं मी पाहतो. पोरगं वाया गेलं तं मले धरा."

वडील चौथी शिकलेले. त्यांनी विचारलं, "चित्रं काढून मानूस कायचा साहेब होते, सर?"

"साहेब नाई होत. मास्तर होते, माह्यासारखा."

तसंच झालं. मी अमरावतीला सरांच्या घरी राहून चित्रकलेची पदवी घेतली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. आता अकोल्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि जठारपेठेत एका दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. आईवडील दोघंही गेले. लग्नाचं जमलं नाही. शाळेतले सहकारी चांगले आहेत, पण शाळा सुटली की ज्याचा तो आपापल्या घरी जातो. दर रविवारी सकाळी दहाला सरांचा फोन येत असे. सरांच्या पत्नी तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी नागपूरला असते. ते काय जेवले हे सांगत, मी काय केलं हे सांगे. आठवड्यात घराच्या आत माझं कुणाशी बोलणं होई ते तेवढंच.

चित्रं स्वस्तात विकायची कल्पना माझी. माझ्या लहानपणी आमच्या घरात चित्र म्हणजे कृषी केंद्राचं कॅलेंडर. वर्ष संपलं की वडील तारखांचा भाग कात्रीने कापून टाकत आणि वरचं चित्र पुन्हा खिळ्याला लावत. एक धबधबा आमच्याकडे नऊ वर्षं होता. मला नेहमी वाटायचं, अशा घरात हाताने केलेलं एक चित्र असावं, आणि ते घेताना कुणाला घरखर्चाकडे बघावं लागू नये. कॉलेजातला एक मित्र अमरावतीला शिकवतो. त्याला सांगितलं, त्याला पटलं. आम्ही आणि आमच्या ओळखीच्या काही चित्रकारांनी मिळून वर्षातून एकदा विक्री करायची ठरवली. सगळ्या चित्रांची किंमत एकच, तीनशे रुपये.

पहिली विक्री अकोल्यात झाली. दार उघडायच्या अर्धा तास आधी एका अधिकाऱ्याचा ड्रायव्हर आत आला. "साहेबांनी सांगतलं, चार-पाच चांगले पाहून बाजूले ठेवा. साहेब संध्याकाळी पाठोतीन कोनाले."

मी म्हणालो, "साहेबांना लाइनीत पाठवा."

तो म्हणाला, "सर, तुमी नवीन आहा काय इथं?" आणि हसत निघून गेला.

त्या रविवारी सरांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. मला स्वतःचा अभिमान वाटला. अमरावतीच्या विक्रीसाठी मी एक मोठा बोर्ड रंगवला. देवनागरी अक्षर माझं बरं आहे. "लाइनीत जो पहिला, त्याची निवड पहिली. कोणतंही चित्र राखून ठेवलं जाणार नाही. एका घराला एकच चित्र." आज कळतं की त्या साहेबाला नाही म्हणणं सोपं होतं. त्याने मला कधी काही दिलेलं नव्हतं.

अमरावतीच्या विक्रीत माझं एक लिनोचं, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीवर कोरून कागदावर छापलेलं, चित्र होतं. मोर्शीकडे संत्र्यांच्या शेडमध्ये बायका फळं निवडतात. दुपारच्या सुट्टीत एक बाई उलट्या क्रेटवर डोकं ठेवून झोपली आहे आणि तिच्या भोवती संत्र्यांचा ढीग. हे चित्र ज्या पद्धतीने केलं, ती थोडी सांगावी लागेल. लिनोच्या एकाच तुकड्यावरून आधी सगळ्यात फिका रंग छापायचा. मग तोच तुकडा थोडा कोरायचा आणि पुढचा रंग त्याच कागदांवर छापायचा. असं करत गडद रंगापर्यंत जायचं. शेवटचा रंग छापून होतो तेव्हा लिनो जवळजवळ सगळा कोरून गेलेला असतो. नंतर हवी म्हणून एकही प्रत काढता येत नाही. माझ्या नऊ प्रती निघाल्या होत्या. आठ अकोल्यात गेल्या. अमरावतीला एकच उरली होती.

विक्रीच्या आधी आम्ही सगळ्या चित्रांचे फोटो जाहिरातीसाठी मोबाइलवर फिरवले, मी ते सरांनाही पाठवले. रविवारी फोनवर ते म्हणाले, "ते संत्र्यावालं बरं झालं रे."

एवढंच. पण सर कधी कशाला बरं म्हणत नाहीत. सहा वर्षं त्यांनी मला शिकवलं, तेव्हा दोनदा म्हणाले असतील. आमच्याकडे मोठी माणसं काही मागत नाहीत. आपण ओळखायचं असतं. मी ओळखलं, असं मला वाटलं.

विक्रीच्या दिवशी सकाळी आम्ही एका वाचनालयाच्या हॉलमध्ये चित्रं लावत होतो. शेवटी संत्र्यांचं चित्र लावलं आणि खिशातून रुमाल काढून त्याच्या फ्रेमच्या कोपऱ्यावर टाकला. मी तो विचार करून टाकला नाही. वऱ्हाडात ज्याने यष्टीने प्रवास केला त्याला हे सांगावं लागत नाही. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, मग दारातून आरामात चढायचं. रुमाल असलेल्या सीटवर कुणी बसत नाही, भांडतही नाही. मी पातूरच्या स्टँडवर पंधरा वर्षं असे रुमाल टाकले. हात आपोआप खिशात गेला. बोर्ड माझ्या मागच्याच भिंतीवर होता.

दहाला दार उघडलं. गर्दीत ढकलाढकली होऊ नये म्हणून मित्राने लाइनीत नंबरच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या. एक नंबरच्या बाई चाळिशीच्या असतील. मोर्शीहून पहिल्या गाडीने आल्या होत्या, साडेसहापासून पायरीवर बसल्या होत्या. त्या इकडेतिकडे न बघता सरळ संत्र्यांच्या चित्रासमोर जाऊन थांबल्या.

"दादा, हे द्या."

"ताई, ते झालं."

"झालं म्हंजे? दार तं आता उघडलं तुमी. मी पयली आहो."

"ते एकांसाठी ठेवलेलं आहे."

त्यांनी फ्रेमवरच्या रुमालाकडे पाहिलं. "रुमाल टाकला का? यष्टी आहे काय हे?"

मागे लाइनीत हशा पिकला. एका म्हाताऱ्या गृहस्थाने आवाज दिला, "कंडक्टर, परतवाड्याचे दोन फुल द्या!" दुसरा म्हणाला, "मले खिडकीची सीट पायजे बाप्पा." मीही हसलो. बाई हसल्या नाहीत.

"तो बोर्ड कोनं लिवला?"

"मीच."

"अक्षर चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

माझे कान तापले. त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते लिहितो, कारण तेच मला नंतर सगळ्यात वाईट वाटलं. मला वाटलं, या बाईंनी काहीतरी कारण सांगावं. त्या स्वतः संत्र्यांच्या शेडमध्ये काम करतात असं सांगावं, किंवा त्यांची आई करायची असं. म्हणजे मला चित्र देता येईल आणि सरांना सांगता येईल. मी विचारलंसुद्धा, "तुम्ही शेडमध्ये कामाला आहात का, ताई?"

"नाई. मी अंगनवाडीत आहो. फोटो पायला भाचीच्या मोबाइलवर, आवडला, म्हून आली. आवडाले तिथं काम करा लागते काय?"

"नाही, तसं नाही. बाकीची पन्नास चित्रं आहेत. तुमची निवड पहिली. वाटल्यास दोन घ्या."

"एका घराले एक लिवलं ना तुमी? का तेबी खोडता आता?"

मागचे लोक आता कंटाळले होते. दोन नंबरवाल्याने विचारलं, "झालं काय, ताई?" त्या बाजूला झाल्या. दाराशी अभिप्रायाची वही ठेवली होती, तिच्यात वाकून काही लिहिलं आणि गेल्या. पुढे चार तास मी चित्रं विकली. घरातल्या भिंतीसाठी आयुष्यात पहिल्यांदा चित्र घेणारी माणसं होती. एका रिक्षावाल्याने बायकोला व्हिडिओ कॉल करून तीन चित्रं दाखवली आणि तिने निवडलेलं चौथंच घेतलं. याच दिवसासाठी मी हे सगळं केलं होतं. पण माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या रुमालाकडे जात होतं. तो काढून खिशात टाकण्याचंही मला सुचलं नाही.

सर चारला आले. गर्दी ओसरली होती. हल्ली ते हळू चालतात, कानालाही कमी येतं. दारात थांबून त्यांनी बोर्ड पूर्ण वाचला.

"मले लाइन नाई लागत काय?"

"तुमचं काढून ठेवलं आहे, सर."

मी चित्र त्यांच्या हातात दिलं. ते खिडकीच्या उजेडात नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. झोपलेल्या बाईच्या कोपरावर बोट ठेवून म्हणाले, "हे सावली जमली तुले." मग तीनशे रुपये काढले. मी घेईना, तर रागावले, आणि ते मला घ्यावे लागले. जाताना वाचनालयाच्या चौकीदाराला थांबवून त्यांनी चित्र दाखवलं. "माहा विद्यार्थी आहे. त्यानं ठेवलं माह्यासाठी. एवढे पोरं शिकोले मी, पन माह्यासाठी काई राखून ठेवलं असं कोनं केलं नाई."

चौकीदार म्हणाला, "नशीबवान आहा, सर."

सर मान हलवत राहिले. मी त्यांना ऑटोत बसवून दिलं.

संध्याकाळी अकोल्याच्या गाडीत मी अभिप्रायाची वही उघडली. पहिल्याच पानावर त्या बाईंचं होतं. नाव, गाव आणि मोबाइल नंबरच्या रकान्यांनंतर स्वच्छ शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: "माझा पहिला नंबर होता. चित्र मिळाले नाही. चित्रे चांगली आहेत." त्यांनी शिवी लिहिली असती तर मला बरं वाटलं असतं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी ते पान उघडंच ठेवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांना फोन केला.

"कोन?"

"ताई, मी काल अमरावतीला चित्रविक्री होती, तिथला."

"हां, रुमालवाले." मग कुणाला तरी म्हणाल्या, "दूध उतू जाईन पाय."

"ताई, मी तुमच्यासाठी नवीन चित्र करून पाठवतो. तसंच, संत्र्यांचं. पैसे नकोत."

"फुकट काहून? मी मांगाले आलती काय तुमच्या दारात?"

"नाही, तसं नाही. मला वाईट वाटलं म्हणून."

"तुमी लेकरायचे मास्तर आहा ना? मंग आयका. आमी अंगनवाडीत खिचडी वाढतो. एक लेकरू सगळ्यात आंधी येऊन ताटली धरून उभं राह्यते. त्याले सोडून मी माह्या भाच्याले आंधी वाढलं, आन मंग त्याले म्हनलं, घे बाप्पा, तुले दोन पळ्या, तं ते खाते काय? ताटली ठेवते आन भिंतीकडं तोंड करून बसते. मले दोन पळ्या नको, दादा."

मग त्यांनीच विचारलं, "कोनाले देलं ते?"

"माझ्या सरांना. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत."

"सरनं मांगतलं होतं?"

"नाही."

"त्यायले मालूम होतं, मी पयली होती म्हून?"

"नाही."

"मंग सरचं नाव काहून लावता?" त्या म्हणाल्या, आणि दूध खरंच उतू गेलं असावं, कारण त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी शाळेत जात होतो, मुलांचे कागद तपासत होतो, पण कुणाशी काही बोलावं असं वाटत नव्हतं आणि बोलावं असं माणूसही नव्हतं. अमरावतीच्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "एका चित्राचं काय घेऊन बसला? सरांचा हक्कच आहे तेवढा." मला तेच खटकलं. सरांचा हक्क माझ्यावर आहे. माझा वेळ, माझी खोली, माझं रक्त लागलं तर ते. त्या बाईंच्या नंबरावर त्यांचा हक्क कसा असेल?

आणि माझा? हे मला हळूहळू कळलं. मी चित्र स्वस्तात देत होतो, म्हणून मला मनातून वाटत होतं की कुणाला द्यायचं हेही मी ठरवावं. घेणाऱ्यांनी थोडं आभारी असावं, ज्याला नाही मिळालं त्याने समजून घ्यावं. मी स्वतः आयुष्यभर आभार मानत आलो. कार्डशीटच्या तुकड्याचे, फॉर्मच्या फीचे, सरांच्या ओसरीवरच्या अंथरुणाचे. इतकी सवय झाली होती की समोरची बाई आभार न मानता नुसता आपला नंबर मागते आहे, हे मला उद्धट वाटलं. ती चित्र विकत घ्यायला आली होती. मी मात्र दान घेणाऱ्यांची लाइन लावून बसलो होतो.

पुढच्या रविवारी दहाला सरांचा फोन आला. चित्र कुठे लावलं ते त्यांनी सांगितलं: पलंगासमोर, डोळे उघडले की दिसेल असं. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मुलीला फोटो पाठवला. मी "हो सर, हो सर" म्हणत राहिलो. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आवाज मोठा करून बोलावं लागतं त्यांच्याशी. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगता येण्यासारखी नव्हती. ती सांगितली तर त्या घरातला एकमेव आनंद मी काढून घेणार होतो, आणि कदाचित माझाही. नाही सांगितली तर मी दर रविवारी दहाला त्यांच्याशी खोटं बोलणार होतो.

शेवटी पत्र लिहिलं. आधी कच्चं लिहिलं, मग चांगल्या कागदावर उतरवलं, म्हणून कच्चं माझ्याकडे राहिलं आहे. ते पोस्टात टाकून तीन आठवडे झाले. रविवारचा फोन आला नाही. मीही केला नाही. उत्तर घाईने मागतो आहे असं त्यांना वाटेल. दहाला मोबाइल समोर घेऊन बसतो आणि अकरा वाजता भाजी आणायला जातो. पत्र असं होतं:

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

हे फोनवर सांगायला हवं होतं. दोन रविवार ठरवून बसलो, पण तुम्ही चित्राबद्दल इतकं बोललात की माझा धीर झाला नाही.

ते चित्र मी तुमच्यासाठी नुसतं काढून ठेवलं नव्हतं. मी ते अडवून ठेवलं होतं. मोर्शीच्या एक बाई पहिल्या नंबरला होत्या आणि त्यांनी तेच मागितलं. बोर्डवर मी लिहिलं होतं की काही राखून ठेवणार नाही. तरी मी त्यांना नाही म्हणालो, आणि चार लोक त्यांच्यावर हसले तेव्हा मीही हसलो. तुम्ही चित्र मागितलं नव्हतं. तुम्हाला यातलं काही माहीतही नव्हतं. यात तुमचा काही दोष नाही, हे आधी लिहितो.

सर, ते चित्र मी तुमच्याकडे परत मागतो आहे. त्याची दुसरी प्रत निघत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांना नवीन चित्र फुकट देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

तुम्ही चौकीदाराला काय म्हणालात ते मी ऐकलं आहे. म्हणून हे पत्र लिहायला इतके दिवस लागले. तुम्ही माझ्यासाठी जे केलं ते मला फेडता येणार नाही, आणि फेडायला मी दुसऱ्याची वस्तू उचलायला नको होती. "तुम्ही ठेवून घेतलंत तरी चालेल" असं मी इथे लिहिलं होतं. ते खोडलं. चालणार नाही, सर.

मला भीती वाटते की तुम्ही चित्र द्याल आणि मग फोन करणार नाही. हेही लिहून टाकतो, कारण दुसरं कुणाला सांगायला नाही.

तुम्ही हो म्हणाल त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी येईन. चित्र मीच उतरवीन आणि मीच मोर्शीला पोचवीन. त्या बाईंना अजून काही कळवलेलं नाही. तुमच्या होकाराआधी कळवलं असतं तर मी पुन्हा तुमच्या नावावर परस्पर ठरवल्यासारखं झालं असतं.

पुढच्या विक्रीला सकाळी लवकर या. नंबर लागेल तो लागेल, मी काही ठेवणार नाही. पण दार उघडायला मित्र आहे. तोवर मी तुमच्यासोबत लाइनीत उभा राहीन.

आपला विद्यार्थी